पगार अठरा लाख, आयकर कपातीचे आकडे चार

वार्षिक पगार १८ लाख रुपये, म्हणजे महिन्याला दीड लाख. पुण्यात हा पगार घेणाऱ्या नोकरदाराच्या स्लिपवर २०२५-२६ या आर्थिक वर्षात आयकराची कपात १२,५६७ रुपये दिसू शकते. ऑक्टोबरात दोन लाखांचा बोनस मिळाला, तर ती १९,५०० होते. ऑक्टोबरात नोकरी बदलली आणि नव्या कंपनीला मागचा पगार सांगितला नाही, तर शून्य. आणि डिसेंबरपर्यंत ११,७३९ रुपये कापले जात असताना जानेवारीत एकाएकी ५८,१२३ रुपये कापले गेले, असेही होऊ शकते.

यातला एकही आकडा पेरोलच्या चुकीमुळे आलेला नाही. चारही आकडे एकाच नियमातून निघतात, आणि तो नियम आहे आयकर कायदा, १९६१ च्या कलम १९२ मध्ये. मालकाने कर्मचाऱ्याच्या पूर्ण वर्षाच्या पगाराचा अंदाज करायचा, त्यावर वर्षाचा कर काढायचा, आतापर्यंत कापलेली रक्कम वजा करायची आणि उरलेला कर उरलेल्या महिन्यांवर विभागायचा. स्लिपवर दिसतो तो त्या महिन्याच्या पगारावरचा कर नव्हे. तो वर्षाच्या अंदाजाचा त्या महिन्यावर आलेला हिस्सा असतो. अंदाज हलला की हिस्सा हलतो.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा, २०२५ ने घेतली. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पगारावरची कपात कलम ३९२ मध्ये गेली. वर्षाचा अंदाज आणि महिन्याचा हिस्सा ही रीत तीच राहिली. पुढची सगळी उदाहरणे २०२५-२६ च्या दरांची आणि तेव्हाच्या जुन्या कलम व फॉर्म क्रमांकांची आहेत.

१२,५६७ कुठून आले?

नव्या करप्रणालीचे टप्पे असे:

४ लाखांपर्यंत: शून्य
४ ते ८ लाख: ५ टक्के
८ ते १२ लाख: १० टक्के
१२ ते १६ लाख: १५ टक्के
१६ ते २० लाख: २० टक्के
२० ते २४ लाख: २५ टक्के
२४ लाखांच्या पुढे: ३० टक्के

१८ लाखांतून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न १७,२५,००० रुपये. पहिल्या चार लाखांवर काही नाही. पुढच्या चार लाखांवर २०,०००, त्यापुढच्या चारांवर ४०,०००, त्यापुढच्या चारांवर ६०,००० आणि शेवटच्या सव्वा लाखावर २५,०००. बेरीज १,४५,०००. त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर ५,८००. वर्षाचा कर १,५०,८०० रुपये, बारा महिन्यांत विभागला की १२,५६७.

‘मी २० टक्क्यांच्या टप्प्यात आहे’ असे हा नोकरदार म्हणेल आणि ते खरेही आहे. पण पगाराच्या हिशेबात त्याचा कर ८.३८ टक्केच पडतो. कलम १९२ मालकाला हाच सरासरी दर लावायला सांगते. टप्प्याचा वरचा दर कामाला येतो तो पगारात भर पडते तेव्हा.

मूळ वेतन ७५,००० धरले, तर त्याच्या स्लिपवर भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्क्यांप्रमाणे ९,००० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपयेही दिसतात. हा व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० होतो, वर्षाचे २,५०० भरावेत म्हणून. दीड लाखांतून हे तिन्ही गेले की हातात १,२८,२३३ रुपये येतात. ऑफर लेटरमधला सीटीसीचा आकडा १८ लाखांहून मोठा असतो, कारण त्यात कंपनीने भरायचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते. ती रक्कम पगार म्हणून हातात येत नाही, त्यामुळे महिन्याच्या टीडीएसचा, म्हणजे पगारातून होणाऱ्या या करकपातीचा, हिशेब सीटीसीवरून जुळवू पाहणाऱ्याला तो कधीच जुळत नाही.

पॅन दिला नसेल तर सरासरी दर बाजूला राहतो. कलम २०६एए नुसार २० टक्के किंवा सरासरी दर, यांपैकी जो जास्त असेल तो लागतो. म्हणजे याच पगारावर महिन्याला ३०,००० रुपये. आधारशी न जोडल्यामुळे पॅन निष्क्रिय झाला असेल, तरी परिणाम तोच.

बोनसच्या महिन्यात

ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, दोन लाख रुपये बोनस जाहीर झाला. वर्षाचा अंदाज १८ वरून २० लाखांवर गेला, करपात्र उत्पन्न १९,२५,००० झाले. वाढलेले दोन लाख पूर्णपणे २० टक्क्यांच्या टप्प्यात बसतात. त्यांच्यावरचा कर ४०,००० आणि उपकर १,६००. वर्षाचा कर आता १,९२,४०० रुपये.

एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत ७५,४०० रुपये कापून झाले आहेत. उरले १,१७,०००. महिने उरले सहा. म्हणून ऑक्टोबरपासून महिन्याला १९,५००. काही कंपन्या मात्र वाढलेले ४१,६०० रुपये बोनसमधूनच घेतात. मग ऑक्टोबरात ५४,१६७ कापले जातात आणि नोव्हेंबरपासून कपात पुन्हा १२,५६७ वर येते. मार्चअखेर दोन्हींची बेरीज सारखीच. ‘बोनसवर जास्त टॅक्स लागतो’ ही कॅन्टीनमधली समजूत या दुसऱ्या पद्धतीतून आली आहे. बोनसला वेगळा दर नाही. तो पगाराच्या वरच्या टोकाला जाऊन बसतो, म्हणून त्याच्यावर टोकाचा दर लागतो.

१२.७५ लाखांचा उंबरठा

२०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, असे जाहीर केले. या बदलांमुळे प्रत्यक्ष करांतले सुमारे एक लाख कोटी रुपये सोडावे लागतील, असा सरकारचा अंदाज होता. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा १२.७५ लाखांची पडते. करपात्र १२ लाखांवर टप्प्यांप्रमाणे ६०,००० रुपये कर होतो आणि कलम ८७ए खालची ६०,००० रुपयांची सवलत तो पुसून टाकते.

गंमत उंबरठा ओलांडल्यावर आहे. महिना १,०५,००० रुपये पगार असलेल्या कर्मचाऱ्याचा वर्षाचा अंदाज १२,६०,००० होतो. टीडीएस शून्य. ऑक्टोबरात त्याला ५०,००० बोनस मिळाला. वर्षाचा पगार १३,१०,०००, करपात्र १२,३५,०००. ८७ए ची सवलत गेली. टप्प्यांप्रमाणे कर होतो ६५,२५०. पण १२ लाखांच्या वर फक्त ३५,००० कमावणाऱ्याकडून ६५,२५० घेता येऊ नयेत म्हणून कायद्यात मार्जिनल रिलीफ आहे: कर जादा उत्पन्नाहून मोठा असू नये. म्हणून कर ३५,००० वर थांबतो. वर उपकर १,४००. एकूण ३६,४००.

म्हणजे ५०,००० च्या बोनसमधले ३६,४०० गेले. पहिले १५,००० करमुक्त मर्यादेत बसले, पुढच्या ३५,००० मधला प्रत्येक रुपया करात गेला आणि वर चार पैसे उपकर लागला. करपात्र उत्पन्न सुमारे १२,७०,५८८ होईपर्यंत, म्हणजे पगार साधारण १३,४५,५८८ पर्यंत, हीच अवस्था असते. या पट्ट्यात रुपयाभर पगारवाढ मिळाली की १ रुपया ४ पैसे जातात. सहा महिने शून्य कपातीची सवय झालेल्या माणसाला ऑक्टोबरपासून महिन्याला ६,०६७ रुपये जाताना दिसतात आणि एचआरकडे फेऱ्या सुरू होतात.

या पट्ट्यातून निघायला एक कायदेशीर वाट आहे. कंपनीने कर्मचाऱ्याच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात भरलेली रक्कम मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत नव्या प्रणालीतही वजा होते. पगाराच्या रचनेतले ३५,००० रुपये त्या वाटेने वळवले, तर करपात्र उत्पन्न पुन्हा १२ लाखांवर येते आणि ३६,४०० वाचतात. पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात हे खरे. पण न वळवता ते हातातही राहणार नव्हते.

जानेवारीतला धक्का

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. कर्मचाऱ्याने काहीच कळवले नाही, तर मालकाने तिच्याच दराने कपात करावी, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे एप्रिल २०२३ चे परिपत्रक सांगते. जुनी प्रणाली हवी असेल त्याने एप्रिलमध्ये तसे सांगायचे आणि वजावटींचे डिक्लेरेशन द्यायचे.

समजा आपल्या १८ लाखवाल्याने जुनी निवडली. तो पुण्यात २८,००० रुपये भाड्याने राहतो आणि नाशिकच्या घराचे कर्ज फेडतो, तिथे आईवडील राहतात. त्याचे डिक्लेरेशन असे:

घरभाडे भत्ता: त्याला वर्षाला ३,६०,००० मिळतात. सूट मिळते ती तीन रकमांतली सर्वांत लहान: मिळालेला भत्ता (३,६०,०००), मूळ वेतनाचे ४० टक्के (३,६०,०००), किंवा दिलेल्या भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा (३,३६,००० − ९०,००० = २,४६,०००). म्हणून सूट २,४६,०००.
प्रमाणित वजावट: जुन्या प्रणालीत ५०,०००
व्यवसाय कर: २,५००
कलम ८०सी: १,५०,०००
वैद्यकीय विमा, ८०डी: २५,०००
गृहकर्जाचे व्याज: २,००,०००
एनपीएसमध्ये स्वतः भरलेले: ५०,०००

हे सगळे गेले की करपात्र उत्पन्न १०,७६,५००. जुन्या टप्प्यांप्रमाणे, म्हणजे अडीच लाखांपर्यंत शून्य, पाचपर्यंत ५ टक्के, दहापर्यंत २० टक्के आणि पुढे ३० टक्के, कर १,३५,४५०, उपकरासह १,४०,८६८. महिन्याला ११,७३९. नव्या प्रणालीपेक्षा वर्षाला ९,९३२ रुपये कमी. इतकी सगळी वजावट लावून दहा हजारही सुटत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गृहकर्ज आणि एनपीएस नसते, तर जुन्या प्रणालीत कर २,१८,८६८ झाला असता, नव्यापेक्षा ६८,०६८ ने जास्त.

डिक्लेरेशनवर नऊ महिने कपात चालली. एकूण १,०५,६५१ रुपये. मग जानेवारी उजाडला आणि पेरोलची मेल आली: प्रूफ सबमिट करा. फॉर्म १२बीबी भरायचा आणि त्याला पुरावे जोडायचे. भाडे वर्षाला एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. घरमालकाने तो दिला नाही. बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्रही वेळेत निघाले नाही. पीएफ पेरोलमधूनच जातो, त्यामुळे ८०सी मधल्या १,०८,००० ला वेगळा कागद लागला नाही. उरलेल्या ४२,००० ची विम्याची पावती त्याने दिली. पण २,४६,००० आणि २,००,००० या दोन मोठ्या वजावटी पेरोलने काढून टाकल्या.

४,४६,००० वर ३० टक्के म्हणजे १,३३,८००, उपकर ५,३५२. वर्षाचा कर १,४०,८६८ वरून २,८०,०२० वर गेला. कापून झालेले १,०५,६५१ वजा करता उरले १,७४,३६९. महिने उरले तीन: जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. भागाकार ५८,१२३.

मालक इथे मन मोठे करू शकत नाही. पुरावा न घेता सूट दिली आणि कर कमी कापला गेला, तर तो थकबाकीदार कपातकर्ता ठरतो आणि कमी कापलेल्या रकमेवर त्याला दरमहा १ टक्का व्याज लागते. म्हणून जानेवारीत पेरोलवाले एका पावतीसाठीही अडून बसतात.

कर्मचाऱ्याचे पैसे मात्र बुडत नाहीत. भाडे खरोखर दिले असेल आणि व्याज खरोखर भरले असेल, तर विवरणपत्रात दोन्ही वजावटी मागता येतात आणि १,३९,१५२ रुपये परत मिळतात. कागद शेवटपर्यंत जमलेच नाहीत, तर विवरणपत्र भरताना नवी प्रणाली घेता येते; कर १,५०,८०० ठरतो आणि १,२९,२२० परत येतात. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला ही निवड दरवर्षी करता येते, कंपनीला काहीही सांगितले असले तरी. जुनी प्रणाली हवी असेल, तर विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते. पगारदारांसाठी ही मुदत एरवी ३१ जुलैची असते.

नोकरी बदलली की

आता शून्याचा आकडा. आपला नोकरदार सहा महिने दीड लाखावर होता. मिळाले ९ लाख, टीडीएस गेला ७५,४००. ऑक्टोबरात नव्या कंपनीत १,७५,००० वर रुजू झाला. नव्या कंपनीच्या दृष्टीने त्याचे वर्ष सहा महिन्यांचे आणि पगार १०,५०,०००. प्रमाणित वजावट गेली की ९,७५,०००. बारा लाखांच्या आत. कर शून्य, टीडीएस शून्य.

आयकर खात्याच्या दृष्टीने माणूस एक, वर्ष एक. एकूण पगार १९,५०,०००, करपात्र १८,७५,०००, कर १,७५,०००, उपकरासह १,८२,०००. दोन कंपन्यांनी मिळून कापले ७५,४००. तूट १,०६,६००. प्रमाणित वजावट दोनदा धरली गेली, शून्य दराचे पहिले चार लाख दोनदा मोजले गेले आणि वर ८७ए ची सवलतही लागली, ती त्याला मुळात मिळायलाच नको होती. जुलैच्या अखेरीस विवरणपत्र भरताना ही तूट एकरकमी भरायची, त्यावर कलम २३४बी खाली एप्रिल ते जुलै अशा चार महिन्यांचे ४ टक्के, म्हणजे ४,२६४ रुपये व्याज, आणि आगाऊ कराचे हप्ते न भरल्याचे कलम २३४सी चे व्याज वेगळे.

यावर उपाय फॉर्म १२बी. मागच्या कंपनीचा पगार आणि टीडीएस त्यात लिहून रुजू होतानाच नव्या कंपनीला दिला, तर ती उरलेले १,०६,६०० सहा महिन्यांत विभागून दरमहा १७,७६७ कापते. हातात येणारा पैसा कमी दिसतो, पण जुलैत खड्डा पडत नाही.

ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या मराठी मंडळींना ही भानगड फारशी कळत नाही, कारण तिथल्या १९४४ पासूनच्या पे ॲज यू अर्न पद्धतीत नोकरी सोडताना जुना मालक पी४५ हा कागद देतोच आणि नवा मालक त्यावरून पुढचा हिशेब धरतो. कागद दिला नाही तर तात्पुरत्या कोडवर कपात होते. आपल्याकडे मागचा पगार नव्या मालकाला सांगणे कर्मचाऱ्याच्या मर्जीवर आहे. सांगितले नाही, तर कपात वाढत नाही, उलट घटते. म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

पगाराबाहेरचे उत्पन्नही असेच कंपनीला सांगता येते. मुदतठेवींचे व्याज एक लाख असेल, तर आपल्या नोकरदाराचा कर २०,८०० ने वाढतो. बँक त्यातले १०,००० कापते. उरलेले १०,८०० हे दहा हजारांच्या वर असल्याने आगाऊ कराच्या कक्षेत येतात. ते पगारातून कापून घ्या, असे कंपनीला सांगितले की व्याजाचा प्रश्न मिटतो. ऑक्टोबर २०२४ पासून उलटही करता येते: बारा लाखांची गाडी घेताना विक्रेत्याने १ टक्का, म्हणजे १२,००० रुपये टीसीएस (विक्रीच्या वेळी गोळा केलेला कर) घेतला असेल, तर तो फॉर्म १२बीएए मध्ये दाखवून पगारातली कपात तेवढी कमी करून घेता येते.

मार्च पेड इन एप्रिल

सरकारी कचेऱ्यांत आणि अनुदानित शाळांत हिशेब तोच, पण वर्ष मार्चपासून मोजतात. मार्चचा पगार एप्रिलमध्ये देय होतो, म्हणून ‘मार्च पेड इन एप्रिल’ ते ‘फेब्रुवारी पेड इन मार्च’ असे बारा पगार. मालकाच्या जागी इथे आहरण व संवितरण अधिकारी असतो. शाळेत बहुधा मुख्याध्यापक. पगार सेवार्थ किंवा शालार्थ प्रणालीतून निघतो.

शाळेत अनेकदा वर्षभर एक ठोकळ रक्कम कापतात आणि खरा हिशेब फेब्रुवारीच्या बिलाला करतात. महिना १,२०,००० पगार असलेल्या शिक्षकाचा वर्षाचा पगार १४,४०,०००, करपात्र १३,६५,०००, कर उपकरासह ८८,१४०. नियमाने महिन्याला ७,३४५ जायला हवेत. अकरा महिने ३,००० च कापले असतील, तर जमा झाले ३३,०००. शेवटच्या बिलात ५५,१४० जातात आणि हातात पगाराचा तुकडा उरतो. कायदा वर्षाच्या आत कपात कमीजास्त करून आधीची तूट भरून काढू देतो, म्हणून हे चालून जाते. एप्रिलपासून ७,३४५ कापा, असा साधा अर्ज दिला तर फेब्रुवारी इतरांसारखाच जातो.

महागाई भत्त्याची किंवा वेतन आयोगाची थकबाकी एकाच वर्षात मिळाली, तर अंदाज फुगतो आणि टप्पा बदलू शकतो. त्यासाठी कलम ८९ खाली दिलासा आहे: ज्या वर्षांची थकबाकी, त्या त्या वर्षी ती मिळाली असती तर किती कर पडला असता, याच्याशी तुलना करून फरक कमी होतो. त्यासाठी विवरणपत्राआधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो. तो राहिला की दिलासा नाकारला जातो.

मालकाची ७ तारीख

कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारात भरायचा. मार्चमधला ३० एप्रिलपर्यंत. त्यासाठी मालकाकडे टॅन, म्हणजे करकपातीचा खाते क्रमांक, हवा. दर तिमाहीला फॉर्म २४क्यू मध्ये कोणाचा किती कापला ते कळवायचे: ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि शेवटच्या तिमाहीचे ३१ मे. कर्मचाऱ्याला फॉर्म १६ द्यायचा १५ जूनपर्यंत.

चुकल्याची किंमत अशी: कापून न भरल्यास दरमहा दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा एक दिवस म्हणजे पूर्ण महिना. खात्याची संगणकप्रणाली कॅलेंडरचे महिने मोजते. ३१ जुलैला दोन लाख कापले आणि ७ ऑगस्टऐवजी ८ ला भरले, तर जुलै आणि ऑगस्ट असे दोन महिने धरले जातात. एका दिवसाच्या उशिराला ३ टक्के, म्हणजे ६,००० रुपये. तिमाही विवरणाला उशीर झाला तर रोज २०० रुपये, टीडीएसच्या रकमेइतकी कमाल. फॉर्म १६ ला उशीर झाला तर रोज ५०० रुपये दंड होऊ शकतो. आणि कापलेला कर बुडवला, तर १९६१ च्या कायद्याने तीन महिने ते सात वर्षे सक्तमजुरीची तरतूद केली होती. कर्मचाऱ्याच्या पगारातून काढलेला पैसा खेळते भांडवल म्हणून वापरायचा मोह छोट्या कारखानदाराला होतो, आणि वर्षाला १८ टक्के पडणारे हे व्याज त्या मोहावरच बेतलेले आहे.

हे सगळे काम मालक फुकट करतो. सरकारला ते सोयीचे आहे, कारण दीड लाखाचा पगार बँकेत जमा होण्याआधीच कर वेगळा निघतो आणि हजार कर्मचाऱ्यांसाठी एकाच टॅनकडे बघावे लागते.

कापले, पण भरले का?

स्लिपवरची कपात म्हणजे खात्यात जमा झालेला कर नव्हे. त्याची खात्री पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएस मध्ये होते. मालकाने विवरणात पॅनचा एक अंक चुकवला, तरी त्या रकमेची नोंद कर्मचाऱ्याच्या नावावर दिसत नाही आणि विवरणपत्रावर प्रक्रिया होताना खात्याकडून मागणी निघते.

मालकाने कापून भरलाच नसेल, तर कलम २०५ कर्मचाऱ्याच्या बाजूने आहे: जो कर पगारातून कापला गेला, तो पुन्हा त्याच्याकडून मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका पगारदाराच्या प्रकरणात हेच सांगितले आणि अशी वसुली मालकाकडूनच करावी, असे ठरवले. पण कपात झाली हे दाखवायला हातात कागद लागतो. म्हणून स्लिपा आणि बँकेचे पगाराचे उतारे जपून ठेवावेत, आणि तिमाही विवरणाची मुदत उलटल्यावर वर्षातून चारदा २६एएस उघडून स्लिपशी ताडून पाहावा. कंपनी बंद पडण्याच्या बेतात असेल, तर हे काम जूनवर टाकू नये.

अंदाज चुकल्याचा भुर्दंड

कपात कमी झाली, तर कर्मचारी दरमहा १ टक्का व्याज देतो. कपात जास्त झाली, तर सरकार त्याला परताव्यावर दरमहा अर्धा टक्का देते, तेही पुढच्या १ एप्रिलपासून. जानेवारी ते मार्चमध्ये अडकलेल्या पैशाचे त्या तीन महिन्यांचे काहीच मिळत नाही, आणि जे मिळते त्यावर पुन्हा कर आहे. १,०६,६०० च्या तुटीवर चार महिन्यांत ४,२६४ गेले. १,३९,१५२ जादा कापले गेले आणि परतावा चार महिन्यांनी आला, तर हातात २,७८३. रक्कम मोठी असूनही मोबदला लहान.

म्हणजे अंदाज कुठल्याही बाजूने चुकला, तरी भुर्दंड बसतो तो पगारदाराला. आणि तो अंदाज बांधायला मालकाकडे पेरोलमधल्या पगारापलीकडे जे काही असते, ते पगारदारानेच दिलेले असते: एप्रिलमधली करप्रणालीची निवड, रुजू होतानाचा १२बी, ठेवींच्या व्याजाचा आकडा, जानेवारीतली भाड्याची पावती. यातले काहीही वर्षाच्या मध्यात बदलले, की उरलेला कर भागिले उरलेले महिने हा भागाकार स्वतःच करून पाहावा. एप्रिलमध्ये सांगितलेला बदल बारांनी भागला जातो, जानेवारीत सांगितलेला तिनांनी.